करडीच्या बांधीतल्या आठ विभक्ती

माझी सगळी नोकरी शब्दांच्या शेपट्या शिकवण्यात गेली. नागपूरकडचे पाहुणे अजूनही विचारतात, "तुम्ही संस्कृत शिकवायच्या? करडीला?" यातला 'करडीला' ते जरा आवाज खाली आणून म्हणतात. हो, करडीला. तुमसरहून रोज एसटीनं जायचे, उन्हाळ्यात धूळ खात आणि पावसाळ्यात चिखल तुडवत, आणि धानाच्या गावातल्या पोरींना 'देवः देवौ देवाः' शिकवायचे. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. उलट गुर्मीच होती थोडी.

संस्कृतच्या बाई म्हटल्यावर गावाला वाटे की यांना सगळंच येत असणार. एकजण सत्यनारायण सांगाल का म्हणून विचारायला आला. दुसऱ्याच्या गाईला साप चावला, तर तो मंत्र घ्यायला शाळेत धावत आला. त्याला मी गुरांच्या दवाखान्याकडे पिटाळलं, तेव्हा तो जाता जाता म्हणाला, "मंग येवढं शिकून तुमाले येते तरी काय?" प्रश्न रास्त होता. मला विभक्ती येत होत्या.

विभक्ती म्हणजे काय, ते ज्यांची शाळा मागे पडली त्यांच्यासाठी सांगते. वाक्यात एक काम चाललेलं असतं. ते कोण करतं, कोणाला करतं, कशानं करतं, कोणासाठी, कुठून, कोणाचं, कुठं, हे सगळं कळायला हवं. मराठीत आपण शब्दाच्या मागं ला, नं, हून, चा, त लावतो. संस्कृतात शब्दाचं शेपूटच बदलतं. त्यामुळे शब्द कुठंही ठेवा, पुढं, मागं, मधे, कोणी कोणाला मारलं याचा घोटाळा होत नाही. अशी सात नाती, आणि आठवी हाक मारण्याची. पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगे, "तुमी पाळण्यातून विभक्ती बोलून राहिल्या. मले, तुले, माह्यापासून, घरून. नवीन काहीच नाही. फक्त शेपट्या वेगळ्या."

ही गोष्ट सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली आहे. शाळेत आठवीपासून हिंदी किंवा संस्कृत घेता येई, पण संस्कृत कागदावरच होतं. आमच्याकडे निम्मी बोली हिंदीच, तेव्हा पोरं डोळे मिटून हिंदी घेत. मी हट्टाला पेटले आणि घरोघर फिरून आठ मुली गोळा केल्या. हेडमास्तर मनानं वाईट नव्हते, पण सावध माणूस.

"बाई, तुमच्या हट्टापायी एक तुकडी देतो," ते म्हणाले. "आठ पोरी हायेत. आठही मॅट्रिकले संस्कृतात पास झाल्या तर पुढं चालू. एक जरी गेली तर बंद. मले गावाले तोंड दाखवा लागते."

"आठही होतील," मी म्हटलं. तेव्हा मला असं ठणकावून बोलायची सवय होती. माझी नोकरी मराठी-इतिहासावर चालूच राहिली असती. प्रश्न त्या वर्गाचा होता.

त्या आठजणींत कुंदा सगळ्यात चलाख. सावळी, लुकडी, आणि एकदा ऐकलं की पाठ. दहावीच्या सुरुवातीला तिची आई, यमुनाबाई, शाळेत आली. गावात रोवणीच्या बायांची टोळी तीच चालवायची. रोवणी म्हणजे धानाची रोपं, ज्यांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात, ती चिखलात लावायचं काम. यमुनाबाईच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतलेला. ती बाकावर बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"माह्या पोरीले हिंदीत टाका, बाई. हे भाषा तुमची. आमच्या लोकाईले ऐकू बी देत नव्हते म्हणतात. आता कायले शिकाची?"

"यमुनाबाई, माहा बाप मोहाडीले कोसा रेशमाचं कापड विणे. आमच्या घरी तरी कुठी होती हे भाषा? मी भांडून घेतली."

मग खरी तक्रार बाहेर आली. "पोरगी घरी देव देव म्हणत बसते. आमच्या घरी देव नाही, बाई."

'देव' हा शब्द चालवून दाखवायची पद्धत पिढ्यानपिढ्यांची. मी तरी तो कुठं निवडला होता? पण यमुनाबाईचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणणं ऐकून घ्यायला मला वेळ लागत नाही. "मंग बुद्ध म्हणू," मी म्हटलं.

"तसं चालते?"

"शेपट्या त्याच. मार्क बी तेवढेच. अन् तुमी विहारात रोज 'बुद्धं' म्हणता न, ते शेवटचं अं, तेच हे. बुद्धाले, असं."

यमुनाबाईनं ओठातल्या ओठात ते म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "राहू द्या मंग. पण रोवणीच्या दिवसात शाळा नाही. हात कमी पडतात."

तर त्या वर्षी करडीच्या शाळेत बुद्धः बुद्धौ बुद्धाः सुरू झालं. हेडमास्तरांनी एकदा खिडकीतून डोकावून पाहिलं आणि पुढं गेले.

रोवणी लागली की आमची शाळा ओस पडे. आठही पोरी बांधीत. बांधी म्हणजे पाळ घालून पाणी अडवलेला धानाचा तुकडा. दीड महिना वर्ग बुडणार, आणि मॅट्रिकचं वर्ष. मी म्हटलं, पोरी वर्गात येत नाहीत तर वर्ग बांधीत जाईल. शाळा सुटली की छत्री घेऊन धुऱ्यावर उभी राहायचे. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली ती पाळ. बाया ओळीनं वाकलेल्या, पऱ्हे लावत लावत मागं सरकणाऱ्या. प्रत्येकीच्या वाट्याची पट्टी ठरलेली, तिला पात म्हणतात. रोवणीत गाणं म्हणायची रीतही ठरलेली आहे. एकीनं उचलायचं, शेजारणीनं पुढं न्यायचं, असं ओळभर फिरवायचं. पोरींनी विभक्ती त्याच रीतीनं घेतल्या. पहिलीनं 'बुद्धः बुद्धौ बुद्धाः' म्हणायचं, दुसरीनं 'बुद्धम्' उचलायचं, तिसरीनं 'बुद्धेन', आणि आठवीनं 'हे बुद्ध' म्हणून ओळ पुरी करायची की पुन्हा पहिली. हात चालू, पाय मागं, आणि ताल असा की एक रूप चुकेना. बाया आधी हसल्या, मग त्यांनाही ते तोंडात बसलं. छत्रीवर पावसाचा मारा आणि चिखलात गुडघाभर संस्कृत. सांगते, माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

दिवाळीच्या सुमारास मी तुमसर रोड स्टेशनाजवळ एका घरी गेले होते. माझ्या यजमानांच्या ओळखीचे एक रेल्वेतले निवृत्त गार्ड तिथं राहात. अँग्लो-इंडियन गृहस्थ, सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. मी काय शिकवते हे कळल्यावर म्हातारा एकदम खुलला. त्यांना शाळेत लॅटिन होतं.

"मॅडम, हमको भी ऐसाही रटवाया. छडी मार मार के." आणि त्यांनी डोळे मिटून एका दमात सुरू केलं, "मेन्सा, मेन्सा, मेन्साम, मेन्से, मेन्से, मेन्सा." मेन्सा म्हणजे टेबल. आमच्या आठ, त्यांच्या सहा. आपण ज्याला कशानं, कुठून आणि कुठं म्हणतो, ती तिन्ही कामं तिकडे एकाच विभक्तीनं अंगावर घेतलेली. एक वाक्यही त्यांना आठवत होतं, 'आग्रिकोला टाउरुम विडेट', शेतकरी बैलाला बघतो. शब्द उलटसुलट केले तरी शेतकरीच बघणारा, कारण 'म' बैलाला लागलाय. तोच 'म' शेतकऱ्याला लावा, बैलाचा काढा, की बैल शेतकऱ्याला बघायला लागतो. हा 'म' ऐकून मी खुर्चीत पुढं सरकले. आमच्या 'बुद्धम्' मधला हाच की! इतक्या लांबचं भावंड तुमसर रोडला भेटेल असं वाटलं नव्हतं.

उत्साहाच्या भरात मी विचारलं, "साहेब, टेबल के लिए, ये कैसे बोलेंगे?"

साहेबांनी अंगठ्यापासून मोजायला सुरुवात केली. मेन्सा, मेन्सा, मेन्साम, मेन्से... थांबले. पुन्हा पहिल्यापासून. मेन्सेला दोनदा पोचले आणि दोन्हीतला कुठला ते सांगता येईना. शेवटी मोठ्यानं हसले. "गाना याद है मॅडम, मतलब कहीं यार्ड में रह गया!"

मीही हसले. पण परतताना रिक्षात बसल्यावर मनात आलं, माझ्या पोरींजवळ तरी गाण्याखेरीज काही आहे का?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले ती सरळ कुंदासमोर उभी राहिले. "'बुद्धासाठी' सांग."

कुंदा उभी राहिली. आणि डावीकडे सुशीलाकडे पाहायला लागली.

"तिच्याकडे काय पाहतेस? तू सांग."

"बाई, ते माह्या पातीतलं नाही," कुंदा अगदी सरळपणे म्हणाली. "मी 'बुद्धात्'. 'बुद्धाय' सुशीचं हाय."

मी एकेकीला विचारत गेले. प्रत्येकीला आपली ओळ झोपेतून उठवली तरी आली असती. शेजारणीची ओळ कानावर पडल्याशिवाय आपली निघत नव्हती, आणि बाकीच्या सहा सात ओळी त्यांच्या लेखी दुसऱ्याच्या कामाच्या. आठजणी मिळून एक विद्यार्थिनी तयार झाली होती. रोवणीत दुसऱ्याच्या पातीत हात घालणं हा भांडणाचा विषय असतो, मग पोरींनी तरी काहून घालावा? मी कपाळाला हात लावला. बोर्डाच्या परीक्षेत आठजणींना एका ओळीत वाकून उभं राहू देणार नव्हते.

त्या दिवसापासून मी ताल बंद केला. वर्गात कोणी सुरात म्हटलेलं खपवून घेतलं नाही. पोरींना पटांगणात लांब लांब बसवायचे, एकीचा आवाज दुसरीला जाऊ नये इतक्या लांब, आणि एकेकीजवळ जाऊन उलटंपालटं विचारायचे. पोरी रडकुंडीला आल्या. सुशीला तर म्हणाली, "बाई, एकटीनं म्हणाले भेव लागते." तिचा बाप हिंदीत टाका म्हणून भांडायला आला, त्याला मी बसवून चहा पाजला आणि परत पाठवला. हळूहळू सात पोरी सुटत्या झाल्या. आठवी कुंदा. ती धान कापणीला आणि मग मळणीला आईबरोबर गेली ती संक्रांत उलटल्यावर शाळेत आली. चलाख पोर, तिला उशीर लागायचा नाही असं मी धरून चालले.

मॅट्रिकचा निकाल लागला. सात पास. कुंदा संस्कृतात नापास. तिचा नंबर एका मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात आला होता, अवतीभवती सगळी हिंदीची पोरं. रूपं विचारलेली. तिनं मनात पहिल्यापासून सुरू केलं, चतुर्थीशी, म्हणजे सुशीलेच्या 'बुद्धाय'शी, अडकली, पुन्हा पहिल्यापासून. असं करता करता घंटा झाली. हे मला तिनं खाली मान घालून सांगितलं. बाकी सगळ्या विषयांत ती सुशीलेहून पुढं होती.

यमुनाबाई या खेपेला शाळेत आली नाही. मीच गेले तिच्या घरी. ती सूप पाखडत होती, वर न पाहता म्हणाली, "आली का बाई? पाहा आता. आमच्या लोकाईले त्या भाषेनं पह्यलेबी दाराबाहेर उभं केलं. आता माही पोरगी उभी केली. बाकीच्या सात आत गेल्या न?"

ते वाक्य आजही मला तसंच्या तसं ऐकू येतं, आणि आजही लागतं.

हेडमास्तर म्हणाले, "आठ म्हणलं होतं, बाई."

"वर्ष कुठं संपलं? ऑक्टोबरची परीक्षा आहे."

"तवापर्यंत नवीन पोरीईचं काय?"

"हिंदीत बसवा. ऑक्टोबरात कुंदा पास झाली की माझ्याकडे द्या. नाही झाली तर मी पुन्हा संस्कृतचं नाव काढणार नाही." ते हो म्हणाले. माझ्यावर विश्वास होता म्हणून की कटकट टळावी म्हणून, ते मी विचारलं नाही.

यमुनाबाईला पुन्हा परीक्षा नको होती. रोवणी तोंडावर, पोरीला कामाला लावायचं, पुढच्या वर्षी स्थळ पाहायचं. मी रोज जाऊन बसले. ती बोलायची नाही, मी उठायची नाही. शेवटी एक दिवस कुंदाच म्हणाली, "माय, मले त्या खोलीत एक डाव पुन्हा जाऊ दे. मंग तू म्हणशीन ते." यमुनाबाईनं सूप खाली ठेवलं आणि मान डोलावली.

जुलैत मी पुन्हा धुऱ्यावर उभी राहिले. या खेपेला गाणं नाही, ओळ नाही. एकट्या कुंदाच्या पातीबरोबर मी पाळेवरून मागं मागं सरकायची आणि नुसतं बोलायची.

"पऱ्हे कशानं लावून राहिली?"

"हातानं. हस्तेन."

"कुठं?"

"क्षेत्रे."

"कुठून आलीस?"

"ग्रामात्."

तिचे ओठ पहिल्यापासून पुटपुटायला लागलेले दिसले की मी मधेच दुसरा प्रश्न टाकायची. पहिल्यापासून म्हणायला तिला सवडच द्यायची नाही, असा माझा निश्चय होता. बाया चेष्टा करायच्या, "हे बाई पोरीची झडती घेऊन राहिली!" एक दिवस मी थकून गप्प बसले, तर बांधीतून यमुनाबाईचाच आवाज आला, "काहून थांबल्या? विचारा न."

ऑक्टोबरची परीक्षा भंडाऱ्याला होती. यमुनाबाई एक दिवसाची मजुरी सोडून आमच्याबरोबर आली. केंद्राबाहेर कडुनिंबाखाली आम्ही दोघी बसलो. तिनं शिदोरी मांडीवर घेतलेली, पण सोडली नाही. मधेच विचारायची, "आता काय लिहून राहिली असन?" मला काय ठाऊक! मी "लिहीत असेल बरोबर" एवढंच म्हणायची. इतक्या मुली परीक्षेला बसवल्या, पण त्या दिवसाइतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

कुंदा सगळ्यांच्या आधी बाहेर आली. पेपर सोडून आली असं वाटून मी उठून उभी राहिले. ती आली, आईच्या शेजारी बसली, आणि म्हणाली, "झाला. दोनदा तपासून पाह्यला. आत बसून का करू?" यमुनाबाईनं शिदोरी सोडली. तिघींनी भाकर खाल्ली.

कुंदा पास झाली. हेडमास्तरांनी नवीन मुली माझ्याकडे दिल्या. पुढं तिनं डी.एड. केलं आणि साकोली तालुक्यात एकोडीच्या बाजूला शिक्षिका झाली. शेवटपर्यंत तिनं हिंदी शिकवलं, संस्कृत नाही. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू? तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "बाई, मले ते पास करायचं होतं. ते माह्याकडं राहावं असं नव्हतं." तिचा हिशेब तिचा.

पण मला सांगायचंय ते कुंदाच्या निकालानंतरच्या जूनचं. शाळा सुरू झाली त्या आठवड्यात यमुनाबाई वर्गाच्या दारात उभी. हाताला धाकटी पोरगी, आठवीत गेलेली, तेल लावून वेणी घातलेली. या खेपेला यमुनाबाई सरळ आत आली आणि बाकावर बसली.

"हिले संस्कृतात घ्या."

मी विचारलं, "नक्की?"

"हो. पण एक सांगून ठेवतो," यमुनाबाई म्हणाली. "हिले एक पात नोका देऊ. आठही हिलेच द्या."